पाळीवरचा जागल्या आणि मी

जिल्हा फुटला तेव्हा आम्हा जिल्हा परिषदेच्या नोकरदारांकडून विकल्प मागवले होते, भंडाऱ्यात राहता की गोंदियाकडे जाता. माझा नवरा कारकून. त्याने गोंदिया लिहिलं. मी उपकेंद्रावरची नर्स. त्याचा अर्ज टेबलावर पडलेला पाहिला आणि माझ्या अर्जावर भंडारा लिहून टाकलं. लोकांचे संसार वकील मोडतात, आमचा अर्धा त्या कागदाने मोडला. उरलेला अर्धा त्याच्या हाताने आधीच मोडला होता. माझ्या डाव्या कानाला अजून जरा कमीच ऐकू येतं.

मी निघाले तेव्हा तो दारात उभा राहून एकच बोलला, "जाय तू. पण पोरगी शाळेत जायच्या वयाची झाली का मी तिले घेऊन जाईन. माहं रक्त हाय थे."

पोरगी तेव्हा साडेतीन वर्षांची होती. म्हणजे माझ्याकडे अडीच वर्षं होती. नवरा मारण्याच्या बाबतीत दिलेला शब्द पाळायचा, त्यामुळे हाही पाळेल याबद्दल मला शंका नव्हती. तेव्हापासून रस्त्यावर जीप थांबली की माझ्या हातातली सुई थांबायची. काय होतं माझ्याजवळ त्याला अडवायला? लसीचा डबा आणि लोहाच्या गोळ्या.

मला मिळालेलं गाव अड्याळपासून आत होतं. तिथे एक जुना तलाव, तलावाची लांब मातीची पाळ, पाळीच्या एका टोकाला गाव आणि दुसऱ्या टोकाला उपकेंद्र, त्यालाच लागून माझी दोन खोल्यांची राहायची जागा. उपकेंद्र गावाबाहेर बांधायची अक्कल कोणाची, हे मी पुष्कळांना विचारलं. "जागा थ्याच बाजूले होती," एवढंच उत्तर मिळालं. त्यामुळे दिवसातून चारदा तरी मला पाळीवरून जावं लागे. एका खांद्याला पिशवी, दुसऱ्या हातात पोरगी.

पाळीच्या मधोमध एक दगड होता, गुडघ्याएवढा. त्याच्यासमोर मातीचा ढीग. जाणारा-येणारा प्रत्येकजण पाण्याच्या काठाची ओली माती मूठभर उचलायचा, त्या ढिगावर दाबायचा आणि काहीतरी पुटपुटून पुढे जायचा. मला ही गोष्ट सांगितली ती गावच्या दाईने. सत्तरीची, वाळलेली, दोन गावांतली निम्मी माणसं तिच्या हातून जगात आलेली. सरकारने मला तिच्या उरावर बसवलं होतं, तरी तिने कधी वाकडं तोंड केलं नाही.

"थो जागल्या होय," दाई म्हणाली. जागल्या म्हणजे शेताची राखण करणारा. पाळीखालच्या धानाची जागल करायला ठेवलेला कोणी एक गडी, एकटा जीव, लग्न नाही की घर नाही. पाऊस लागून राहिला, पाळीला भगदाड पडलं. लोक माती घेऊन येईपर्यंत हा त्या भगदाडात आडवा झाला. लोक आले. पाणी थांबेना. "मंग काय करतीन, बाई? थ्याच्या आंगावरूनच माती टाकली. थोच बोलला म्हणते, टाका. थ्या दिवसापासून थो पाळीवर फिरते. कोनाच्या घरची माती, थे सांगा लागते, म्हंजे कोनाची राखन करा लागते थे थ्याले समजते."

आमच्या घरात छप्पन सालापासून देव नाहीत. माझे वडील पोस्टमन होते, भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या अलीकडे एका खेड्यात त्यांचं घर. उभ्या आयुष्यात ते कोणत्याही दगडापुढे वाकले नाहीत, अगदी चप्पल शोधायलासुद्धा. मी त्यांचीच मुलगी. पण मातीच्या ढिगाबद्दल माझी काही तक्रार नव्हती. रोज शंभर माणसांनी शंभर मुठी माती टाकली तर पाळ बळकट राहते, हे श्रमदानच की. नमस्कार करणार नाही, माती टाकीन, असं मी दाईला सांगितलं.

अडचण आली ती नावाची. गावातल्या बायका तर नवऱ्याचं नाव जागल्यापुढेही घेत नसत. "मोठ्या पोराच्या बापाच्या घरची," असं काहीतरी म्हणून मोकळ्या होत, आणि बिचाऱ्याने ओळखायचं कोणता पोरगा आणि कोणता बाप. माझी वेळ आली. दाई शेजारी उभी. मागे धुणं घेऊन आलेल्या दोघी-तिघी. नवऱ्याचं नाव तोंडात आलं असतं तर मी थुंकले असते. वडिलांचं त्या दगडापुढे घेतलं असतं तर त्यांनी मला थुंकायला लावलं असतं. ऊन तापलेलं, पोरगी रडत होती, आणि सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. माझं डोकं फिरलं. मी माती त्या ढिगावर थापली आणि म्हणाले, "कोणाच्याच घरची नाही. तुझीच समज!"

दाईने तोंडावर हात ठेवला. धुणंवाल्यांनी धुणं खाली ठेवलं. मला वाटलं, मी उद्धट बोलले म्हणून.

तीन दिवसांनी कळलं. पाळीवर उभं राहून जी बाई कोणाचंच नाव घेत नाही आणि माती त्याचीच म्हणते, ती त्याच्या घरात गेली, असा तिथला रिवाज होता. आजवर असं कोणी म्हटलं नव्हतं, म्हणून रिवाज कोणाला आठवतही नव्हता, पण मी म्हटल्याबरोबर सगळ्यांना आठवला. अख्ख्या गावात झालं, नर्सबाई जागल्याची झाली. बिनलग्नाचा मेलेला गडी, त्याला एवढ्या वर्षांनी बायको मिळाली, तीही सरकारी पगाराची, आणि सोबत पोरगी.

मी भयंकर चिडले. ग्रामसभेत उभं राहून सगळ्यांची खरडपट्टी काढायची असं ठरवलं, भाषणही लिहून काढलं. आणि मग लक्षात आलं की त्या आठवड्यात माझ्या दारावर एकदाही थाप पडली नव्हती. पंचायतीतला एक इसम होता, त्याचं डोकं फक्त मी एकटी असतानाच दुखायचं. गोळी घ्यायला यायचा आणि तासभर खुर्ची सोडायचा नाही. आता त्याने बायकोला पाठवलं. ती गोळी घेऊन दारातूनच परतली, जाताना पाळीकडे बघून पदर सारखा केला. सुंठीवाचून खोकला गेला! मी भाषणाचा कागद चुलीत घातला. खोटं बोलले नाही, फक्त खोडून काढलं नाही.

मग दारात गोष्टी सापडायला लागल्या. सकाळी पायरीवर शिंगाड्यांची पुरचुंडी. कधी तणसात, म्हणजे धानाच्या पेंढ्यात, गुंडाळलेले दोन मासे. कधी सरपणाची मोळी. तलावात मासे धरणाऱ्या धिवरांच्या बायका ठेवत असतील हे मला ठाऊक होतं. जागल्याच्या घरच्या बाईला उपाशी कसं ठेवणार? पण विचारलं की सगळ्या एकच सांगत, "आमी नाई ठेवलं, बाई. थ्यानंच ठेवलं असन."

माझे वडील भेटायला आले तेव्हा एसटीतून उतरल्या उतरल्या कोणीतरी त्यांना जावयाची खबर दिली. ते छत्री टेकत टेकत तरातरा पाळीवरून आले आणि माझ्या दारात उभे राहिले.

"छप्पन साली घरातून तेहतीस कोटी बाहेर काढले," ते म्हणाले, "अन् तू एक मागच्या दारानं आत घेतला?"

"देव नाही तो, बाबा. माणूस होता."

"मेलेला माणूस!"

"जिवंत असलेला तुम्हीच पाहून दिला होता," मी म्हणाले.

त्यांनी छत्री कोपऱ्यात टेकवली. चहा घेतला, नातीला मांडीवर घेतलं. परत जाताना मी त्यांना पाळीपर्यंत पोचवायला गेले, तेव्हा त्यांनी खाली वाकून मूठभर माती उचलली आणि ढिगावर ठेवली. "पाळीच्या मजबुतीसाठी," माझ्याकडे न बघता म्हणाले. नाव कोणाचंच घेतलं नाही.

पुढचं लिहायला मला वीस वर्षं लागली, म्हणून सरळच लिहिते. माझं त्याच्यावर प्रेम बसलं.

सुरुवात भांडणाने झाली. पाळीवरून जाताना मी त्याच्यावर तोंडसुख घ्यायची. तुझ्यामुळे माझं हसं झालं, बाप माझ्यावर रुसला, असं काहीबाही. ऐकून घेणारा मिळाला की बाई बोलत सुटते. मग दिवसभराचं सांगायला लागले. कोणाचं बाळ उलटं आहे, कोणाची सासू गोळ्या घेऊ देत नाही, मलेरियाच्या काचपट्ट्या किती झाल्या. एक दिवस लक्षात आलं की मी रोज पाळीच्या कोरड्या बाजूने चालते आणि पाण्याची बाजू मोकळी सोडते. पोरगीही आपोआप मधे चालायला लागली होती. पाण्याच्या बाजूने कोणीतरी चालायचं. दिसायचं काही नाही. एक पाऊल मागे मुरूम वाजायचा, आणि मी थांबले की थांबायचा. तापल्या दुपारीही त्या बाजूच्या दंडाला गारवा लागायचा. पाण्यावरचा वारा असेल, मला कळत होतं. वारा थांबलेला असतानाही लागायचा, हेही कळत होतं.

मी पाळीवर चढण्याआधी केस सारखे करायला लागले. पांढऱ्या साडीवर एकदा मोगरा माळला. दाईने बरोबर हेरलं.

"आज गजरा कोनासाठी व?" बाई म्हणणं तिने केव्हाच सोडलं होतं, आता मला माय आणि व म्हणायची.

"वास चांगला येतो म्हणून."

"हो व माय. वास तं थ्याले बी येत असन."

मी लाजले. पस्तिशीची, एका लेकराची आई, डाव्या कानाने अर्धी बहिरी, भर उन्हात पाळीवर उभी राहून लाजले. लग्नाच्या पाच वर्षांत मला कोणाच्या पावलांचा आवाज हवाहवासा वाटला नव्हता. आवाज आला की अंग आकसायचं. इथे मागे मुरूम वाजला की खांदे सैल व्हायचे. प्रेम म्हणजे याहून वेगळं काही असेल तर मला माहीत नाही.

मात्र भीती गेली नव्हती. पोरगी पाच वर्षांची झाली. गोंदियाकडून कोणीतरी निरोप आणला, "यंदा नाही, पुढच्या जूनमध्ये शाळेत घालू, तयारी ठेव." मी तो निरोप पाळीवर त्यालाही सांगितला. "तू पाणी अडवलंस," मी म्हणाले, "माणूस अडवता येतो का बघ." त्यावर काही झालं नाही. मला तरी काही ऐकू आलं नाही. माझा कान तसाही भरवशाचा नाही.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत ती पाण्यात पडली. गावातलं झाडून सगळं माणूस बांध्यांत रोवणी करत होतं, तलावापासून लांब. मी एका बाळंतिणीच्या घरी गेले होते, पोरगीला तिच्या शेजारच्या म्हातारीकडे सोडून. म्हातारीचा डोळा लागला. परत आले तर पोरगी नाही. मी हाका मारत पाळीवर धावले. ती दगडाला टेकून बसली होती. डोक्याचे केस निथळत होते, ओठ निळे, पण बसली होती शांत. फ्रॉक मात्र घातलेला नव्हता. तो बाजूला दगडावर वाळत टाकला होता, घट्ट पिळून, पिळाच्या घड्या तशाच.

"कोणी काढलं तुला?" मी तिला छातीशी धरून विचारलं.

"त्यानं," ती म्हणाली.

आसपास कोणी नव्हतं. बांध्यांतल्या बायका दोन शेतं पलीकडे, वाकलेल्या. नंतर मी घरोघर विचारलं. कोणी काढलं असेल तर सांगा, मला त्याच्या पाया पडायचंय. कोणी पुढे आलं नाही. पाच वर्षांचं लेकरू पाण्यातून आपलं आपण वर येईल एकवेळ, पण फ्रॉक काढून पिळेल? मी नर्स आहे, मला तापात बरळणं, घाबरून गप्प होणं, सगळं माहीत आहे. त्या फ्रॉकचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. वडिलांना सांगितलं तर तेही पहिल्यांदाच म्हणाले, "असो. पोरगी वाचली." आणि चष्मा पुसत राहिले.

मग तो दिवस आला. मे महिना. त्याने बरोबर अड्याळच्या बाजाराचा दिवस धरला, कारण त्या दिवशी गाव रिकामं असतं, हे त्याला कोणीतरी सांगितलं असणार. जीप त्याने गावाच्या बाजूला उभी केली, पाळीवरून जीप जात नाही. तो एकटाच चालत आला. मी आत एका गरोदर बाईला इंजेक्शन देत होते. पोरगी बाहेर ओसरीवर खडूने रेघोट्या मारत होती. मला तिच्या चपलांचा आवाज आला नाही म्हणून मी मान वर केली, तर दारातून दिसलं, तो पाळीवर निम्म्यापर्यंत पोचला होता आणि पोरगी त्याच्या खांद्यावर.

मी सिरिंज ट्रेमध्ये टाकली आणि धावले. अनवाणी. मुरूम तापलेला होता पण पायांना काही कळलं नाही. एवढंच कळत होतं की तो जीपपर्यंत पोचला तर संपलं. कायदा त्याच्या बाजूने आहे असं सगळे म्हणत. बापच पालक, आई नुसती सांभाळणारी. एकदा पोरगी गोंदियाला गेली की मी कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहणार आणि ती मला विसरत जाणार, जशी ती त्याला विसरली होती.

तो दगडापाशी थांबला.

मी अजून पन्नास पावलं मागे होते. तो नुसता थांबला नाही, त्याने मान वळवून पाण्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिला. मग वाकून पोरगीला खाली ठेवलं, सांडेल अशा भांड्यासारखं, हळूच. आणि तो खाली बसला, मातीच्या ढिगाशेजारी, दोन्ही हात डोक्याला लावून. मी पोचले. पोरगी माझ्या पायांना बिलगली. मी त्याच्याकडे पाहिलं तर तो ओठ चाटत होता.

"घे," तो म्हणाला. "घे बापा तुही पोरगी."

तो उठला आणि निघून गेला. जीप सुरू झाल्याचा आवाज आला, मग तोही गेला. मी तिथेच खाली बसले आणि हसायला लागले. हसता हसता उचकी लागली. पोरगी माझी पाठ थोपटत म्हणाली, "पाणी पी, आई." ती गरोदर बाईसुद्धा पोट सांभाळत मागून आली होती, ती घाबरून म्हणाली, "बाई, माह्या इंजेक्शनचं काय?" आणि मला आणखीच हसू फुटलं. एवढं हलकं मला बाळंत झाल्यावरही वाटलं नव्हतं. पुढे भंडाऱ्याच्या कोर्टात तो एकदाच आला, सांगितलं तिथे सह्या केल्या, पोरगीवरचा हक्क सोडला. माझा वकील म्हणाला, असं गिऱ्हाईक मी पाहिलं नाही.

संध्याकाळी बाजारातून गाव परतलं. सगळं ऐकून दाई म्हणाली, "मंग? नवऱ्यासमोरून बायकोचं लेकरू उचलून नेते का कोनी?" जसं काही हे व्हायचंच होतं. मी दुसऱ्या दिवशी उजाडताच पाळीवर गेले, आभार मानायला. मूठभर माती थापली. पाण्याच्या बाजूचा दंड गार झाला, तेवढ्यावर आमचं भागलं.

त्या गावात मी आणखी सहा वर्षं काढली, आणि ती माझी संसाराची वर्षं. दुसरं लग्न कर म्हणून सुचवणारे भेटले. वडिलांनीसुद्धा एक स्थळ आणलं, चांगला माणूस होता. मी नाही म्हणाले. कारण विचारलं नाही त्यांनी. मग पोरगीच्या पुढच्या शाळेसाठी मी बदली मागितली आणि शहापूरच्या बाजूचं उपकेंद्र मिळालं.

सामान बांधताना दाई आली. आता ती पार थकली होती, काठी टेकत आली. "जाय माय, पन काडीमोड करून जाय," ती म्हणाली. "तशीच गेली तं थो पाळ सोडून तुह्यामांगं येईन. तलाव फुटला तं गाव कोठी जाईन?"

मी हसले नाही. ती थट्टा करत नव्हती. अख्खं गाव पाळीखाली राहत होतं, त्यांचं धान पाळीखाली होतं, आणि मी त्यांचा राखण करणारा सोबत घेऊन निघाले होते. आमच्याकडे नवरा-बायकोचं तुटलं की चारचौघांसमोर काडी मोडतात. निघायच्या सकाळी पाळीवर पंचवीस-तीस बायका जमल्या. दाईने मला तणसाची एक काडी दिली. मी ती दोन्ही हातांत धरली. एवढी हलकी काडी, पण मोडताना माझी बोटं ऐकेनात. कोर्टात सही करताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. इथे मी हमसून हमसून रडले, आणि माझ्यासोबत त्या सगळ्या रडल्या. नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या त्या बायकांपैकी एकीनेही विचारलं नाही की ज्याला पाहिलं नाही त्याच्यासाठी एवढं काय रडायचं.

काडी मोडली. पाळीवरून उतरताना मागे मुरूम वाजला नाही. तो रिवाज पाळणारा होता. तलाव अजून आहे.

गेल्या वर्षी पोरगीचं लग्न झालं. तीही नर्सच झाली. लग्नाला तिचा बाप आला होता, बोलावलं तिनेच. शेवटच्या रांगेत बसून राहिला, केस पांढरे झालेले. जेवणाच्या वेळी मी पाण्याचा ग्लास घेऊन गेले तेव्हा आपणहून म्हणाला, "त्या दिवशी मले कोनी अडवलं नवतं."

मी बसले.

"पाळीवर मधात आलो, तं पोरगी खांद्यावरून म्हने, मले खाली ठेव, माहा बाबा पाहून राहिला. रडत नवती. पान्याकडं बोट दाखवे. मी पाह्यलं. काहीच नवतं." त्याने माझ्या हातातला ग्लास घेतला. "बाबा म्हंजे मी, असं मले वाटत होतं ना."

मला त्याची दया आली. येईल असं कधी वाटलं नव्हतं.

चार दिवसांनी पोरगी माहेरी आली तेव्हा मी तिला ते सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "ते मी खोटं बोलली होती, आई. त्या दिवशी मले कोणी दिसलं नव्हतं. तू रोज त्याच्याशी बोलायची, म्हणून मले वाटलं, त्याचं नाव सांगितलं का हा माणूस सोडेल."

"सहा वर्षांची होतीस तू," मी म्हणाले.

"शिकवलं कोणी?" ती हसली.

मला खरं तर मोठ्याने हसायला हवं होतं. भुताने नाही, जिल्ह्याने नाही, कायद्याने नाही, पोरगीनेच स्वतःला सोडवून आणलं होतं. पण दुसराच प्रश्न तोंडातून निघाला. "आणि पाण्यात पडलीस तेव्हा? तेही खोटं?"

"नाही," ती म्हणाली. "तेव्हा होता तो."

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागले. वीस वर्षं मी हा प्रश्न कोणाला विचारला नव्हता, विचारणार कोणाला? "कसा होता गं दिसायला?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "आई, तू लाजून राहिली!" मग माझा चेहरा पाहून तिने थट्टा सोडली. भाजी बाजूला ठेवली. आठवायचा प्रयत्न केला.

"तोंड नाही आठवत. हात आठवतात. कापत होते त्याचे हात. मले काठावर ठेवलं, तरी कापतच होते. मी म्हटलं त्याला, भिऊ नको."

मी उठून मोरीशी गेले आणि तोंडावर पाणी मारलं. इतकी वर्षं मला वाटत होतं, त्या पाळीवरून भीत भीत चालणारी मी एकटीच होते.